कोऱ्या नळीतला पुरुष

"पुन्हा पुरुष!" डॉक्टर फान म्हणाल्या आणि पडद्यावरची नजर काढून त्यांनी ती सरळ पो-यानवर लावली.

पो-यानने उगाचच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. तैवानच्या शिंचू शहरातल्या त्या प्रयोगशाळेत सगळ्या बायका, आणि बाप्यामाणूस हा एकटाच.

"मी काही केलेलं नाही, डॉक्टर."

"मग तुझ्या दाढीने केलं असेल. उद्या गुळगुळीत होऊन ये."

काम नाजूक होतं. गरोदर बाईच्या रक्तात बाळाचे अगदी बारीक अंश तरंगत असतात. ते वाचून बाळ ठीक आहे ना, हे इथे सांगत. प्रत्येक खेपेला पडताळणीसाठी एक 'कोरी नळी' जोडीला लावत. तिच्यात गरोदर नसलेल्या बाईचं रक्त असे, आणि पुरुषाचा मागमूसही दिसता कामा नये. दिसला, तर कुणाची तरी शिंक नाहीतर केस आत गेला असं समजायचं आणि सगळी खेप फेकून द्यायची.

महिनाअखेरीला तपासनीस येणार होते. तोवर कोरी नळी कोरी निघाली नाही, तर परवाना जाणार होता.

ही प्रयोगशाळा म्हणजे डॉक्टर फान यांचा जीव की प्राण. पंधरा वर्षांपूर्वी एका जुन्या यंत्रावर त्यांनी ती उभी केली. अहवाल चांगला आला की त्या स्वतः फोन करायच्या आणि पलीकडच्या आईपेक्षा मोठ्याने हसायच्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. नवरा-बायकोच्या पुष्कळ खटपटी करून झाल्या, आणि मग तो विषय त्यांनी बंद केला. पो-यानला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. म्हणून त्यांची ती नजर त्याला जास्तच झोंबली.

दुसऱ्या दिवशी तो दाढी, मिशी आणि केसही उतरवून आला.

"अरे देवा, भिक्षू झालास की काय?" ह्वेईताई किंचाळली. ती सगळ्यांत जुनी, सगळ्यांचं रक्त काढणारी. "आता मठात जा, इथे नको!"

मग साफसफाई झाली. टेबलं घासली, हातमोजे बदलले, हवेच्या जाळ्या बदलल्या. ह्वेईताईला यंत्रावरचं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट दिसलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर असं पाकीट ठेवायची तिकडे रीतच आहे.

"हे बघा! तारीख उलटून गेलीय! यंत्र रुसणार नाही तर काय!"

ताजं पाकीट आणलं. पो-यानने त्याला हातसुद्धा जोडले. डॉक्टर फान एरवी अशा गोष्टींना हसत. या वेळी त्यांनीच पाकीट नीट मधोमध सरकवलं.

ताजं रक्त काढून नवी खेप लावली. पुरुष होताच, पहिल्यापेक्षा ठळक.

डॉक्टर फान यांचं बिनसलं ते बिनसलंच. पो-यानच्या डब्यातले मांसाचे गोळे त्या एरवी हक्काने उचलत. आता त्याने डबा उघडला की त्या नाक दाबत.

"तो वास घेऊन बाहेर जा."

"रोजचेच गोळे आहेत, डॉक्टर."

"म्हणूनच म्हणते, बाहेर जा."

यांचा राग आता नाकातही शिरला, असं मनाशी म्हणत तो जिन्यात बसून जेवला. दुपारी दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून डुलकी काढत. दिवे लागले तरी डॉक्टर फान उठल्या नाहीत. काळजीने माणूस किती थकतं, असं ह्वेईताई कुजबुजली. पो-यानला भरून आलं.

मग त्याला आतच येऊ द्यायचं नाही असं ठरलं. पंधरवडाभर तो स्वागतकक्षात बसला. येणाऱ्या बायका त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून आदराने नमस्कार करत होत्या. पुन्हा ताजं रक्त काढून आत बायकांनीच तिसरी खेप लावली.

निकालाच्या दिवशी ह्वेईताईने त्याला हाक मारली. पडद्यावर पुरुष चांगला ठसठशीत दिसत होता.

"मी नव्हतो!" पो-यान ओरडला. "मी बाहेर होतो! सुटलो!"

"सुटलास," डॉक्टर फान हळूच म्हणाल्या. "मला माफ कर, पो-यान. तुझे केस गेले ते फुकट. मीच कळवते तपासनिसांना, प्रयोगशाळा बंद ठेवतोय म्हणून. कोरी नळी सांभाळता येत नसेल, तर आयांना काय तोंड दाखवू?"

त्यांनी फोन उचलला. पो-यान पडद्यासमोरून हलला नाही. त्याने तिन्ही निकाल शेजारीशेजारी लावले. पाहता पाहता त्याने मान तिरकी केली.

"डॉक्टर, थांबा जरा. घाण अशी आठवड्यागणिक वाढत जाते का?"

"नाही जात. म्हणून तर डोकं चालेना झालंय."

"आणि ज्यांच्या पोटात मुलगी आहे, त्यांच्या शेजारच्या नळ्यांमध्ये पुरुषाचा मागमूस नाही?"

"काहीच नाही."

"मग कोऱ्या नळीसाठी रक्त कुणाचं घेता? नळीवर नुसता आकडा असतो."

ह्वेईताईने तोंडावर हात ठेवला.

"माझंच," डॉक्टर फान फोनचे आकडे दाबत म्हणाल्या. "कितीतरी वर्षं माझंच चाललंय. माझ्याइतकी खात्रीची बाई या इमारतीत दुसरी कोण आहे?"

पो-यानने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"पुरुष सापडला, डॉक्टर," तो म्हणाला. "पण त्याला बाहेर यायला अजून सहा-सात महिने लागतील."