जत्रेआधीचे पाच दिवस

“नव्हतो,” विठूनं सरळ सांगून टाकलं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोनं, सुलोचनेनं, कपाळाला हात लावला. अरे देवा! या माणसाला कोर्टात उभं केलं तरी खोटं म्हणून बोलता येत नाही.

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या वकिलांना तर आभाळ ठेंगणं झालं. कोट सारखा करून ते डिचोलीच्या मामलेदार मॅडमकडे वळले. “याची नोंद व्हावी. लईराईच्या जत्रेआधीचे पाच दिवस हा माणूस घरात नसतो. दरवर्षी. घराला चक्क कुलूप असतं.”

आता यात लपवण्यासारखं होतं काय? विठू धोंड, म्हणजे लईराईचा व्रतकरी; सुलोचनाही धोंड, लेक पल्लवीसुद्धा धोंड. देवीचं व्रत घेतलं की त्या दिवसांत घरात राहायचं नाही. नार्व्याला नदीकाठी मांडव घालायचा, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं, आणि मग शिरगावला जाऊन होमकुंडातून चालायचं. सासऱ्याच्या वेळेपासून हे चाललेलं. आणि त्याच व्रतानं आज घर जायची पाळी आणली होती!

घर सासऱ्यानं बांधलेलं, पण जमीन भाटकार गोकुळदासबाबांची. त्यांच्या परवानगीनं तिथं राहणारे म्हणून हे मुंडकार. इतक्या वर्षांत कोणी ‘ऊठ’ म्हटलं नव्हतं. यंदा जमिनीला गिऱ्हाईक आलं आणि बाबांचे वकील कायदा घेऊन उभे राहिले. मुंडकाराला हुसकता येत नाही, कबूल. पण मुंडकार कोण? तिथं कायम राहतो तो.

“आणि कायम म्हणजे कायम, मॅडम,” ते म्हणाले. “कायद्यातल्या शब्दाला जत्रेची रजा नसते.”

सुलोचनेला वाटलं, उठावं आणि विचारावं, मेल्या, तू लहानपणी आजोळी कधी गेलाच नाहीस का रे?

विठूची वकील क्षमा ताडकन उभी राहिली. वयानं लहान, पण बोलायला लागली की समोरच्याला श्वास घेऊ द्यायची नाही. “मॅडम, हा कायदा कशासाठी केला ते आधी बघू या. भाटकाराची मर्जी फिरली म्हणून कोणाचं छप्पर जाऊ नये, यासाठी. ‘कायम’ हा शब्द त्या छपराच्या राखणीसाठी घातलाय. त्याच शब्दानं छप्पर काढून घ्यायचं असेल, तर कायदा केलाच कशाला?”

मॅडमनी चष्मा काढला. “मुद्दा पटतो. म्हणजे कुलूप होतं का, हा प्रश्नच नाही. कुलूप असताना गाव ते घर कोणाचं राहतं घर समजत होतं, हा प्रश्न. त्याला पुरावा?”

क्षमा हातातले कागद उलटेपालटे करायला लागली. असल्या गोष्टीचा पुरावा कोण करून ठेवतो? सुलोचनेनं पदर घट्ट धरला आणि मनातल्या मनात देवीला हाक मारली.

तेवढ्यात भाटकाराच्या वकिलांनी शेवटचा घाव घालायचा म्हणून खुद्द गोकुळदासबाबांनाच साक्षीला बोलावलं. बाबा काठी टेकत आले. दरवर्षी धोंडांच्या मांडवात नारळ पाठवणारा माणूस. पण खटला लागल्यापासून विठूच्या नजरेला नजर देत नव्हता.

“गेल्या जत्रेआधी विठूकडे कोणी आलं होतं?” वकिलांनी विचारलं.

“इलो होतो मरे. दोडामार्गचो एक पावणो. पल्लवीक स्थळ घेवन.”

“त्याला घर उघडं मिळालं?”

“खंयचा उघडा? कुलूप बघून माझ्या दारात इलो.”

“बस्स!” वकिलांनी टाळी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली. “स्थळ घेऊन आलेला पाहुणासुद्धा परत फिरला, मॅडम. याहून मोठा पुरावा कुठला?”

संपलं, असं सुलोचनेला वाटलं. विठूनं मान खाली घातली. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या.

“गोकुळदासबाब, एक सांगा. पाहुणा तुमच्या दारात आला, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात?”

वकील घाईघाईनं हातानं खुणा करायला लागले. पण बाबांचं लक्षच नव्हतं. एवढी साधी गोष्ट विचारतात काय, म्हणून ते मॅडमकडेच नवलानं बघत राहिले.

“काय म्हणतलंय? म्हटलंय, ‘रे, तू चुकूंक नाय, घर विठूचाच ता. सगळी व्रतार आसत. जत्रा झाली काय हयच येतली. आणखी खंय जातली?’”