बारा नंबरवरचं भांडं

आर्विडने पिकअप चौथ्यांदा त्याच वळणावर घातली तेव्हा बर्निसने सीटबेल्ट सोडून टाकला.

"बांध तो," आर्विड म्हणाला.

"या वेगात आपटलो तर फार तर नाक खाजेल माझं."

हेरन तळ्याकाठच्या जंगलात तंबूच्या वीस जागा आहेत, प्रत्येक जागेवर एक टेबल-बाक, आणि त्या सगळ्यांना शिवून पुन्हा सुरुवातीला येणारा एकच कच्चा रस्ता, तोही एकेरी. आधी येईल त्याची जागा. चिठ्ठी भरायची, जागेच्या खांबाला अडकवायची आणि तंबू ठोकायला लागायचं. शहाणी माणसं हे पाच मिनिटांत उरकतात. आर्विड टोलेफसनला तास झाला तरी जमत नव्हतं. सातवर म्हणे संडासाचा वारा येतो. नऊ खोलगट, पाऊस आला की तंबूत होडी सोडावी लागेल. पंधरावर बर्चचं वाळकं झाड नेमकं डोक्यावर. तो खोट काढून पुढे जायचा आणि पुढच्या फेरीला त्या जागेवर कुणाचा तरी तंबू उभा असायचा. शुक्रवारची दुपार कलत आली होती आणि आता उरलं होतं ते नऊ.

"तुला बाराच हवाय ना?" बर्निस म्हणाली. सत्तरीतली असली तरी ती धाकटी बहीण, तिच्या तोंडाला भाऊ कधीच पुरा पडला नव्हता. "मग घे की. खांबावर चिठ्ठी नाहीये."

"टेबलावर भांडं आहे."

"भांडं आहे, माणूस कुठाय?"

बारा नंबरच्या टेबलावर झाकण लावलेलं एक चौकोनी भांडं तासभर तसंच होतं. या मुलखात टेबलावर फाटका टॉवेल ठेवला तरी ती जागा घेतलेली असते, दोन दिवस मालक फिरकला नाही तरी कुणी त्याला हात लावत नाही. टेबलावर वस्तू म्हणजे तिथे माणूसच बसलाय असं समजायचं, हे आर्विडनेच आपल्या पोराला, डेलला, शिकवलं होतं. याच बारा नंबरवर.

एकतीस उन्हाळे ते तिघं इथे आले, तो, बायको मार्लिस आणि डेल. मार्लिस गेल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. डेलशी बोलणं तिच्या अंत्यविधीच्या दिवशीच तुटलं होतं.

"एक फोन केला असतास तर?"

"तारीख ठाऊक आहे त्याला. जूनचा तिसरा शुक्रवार. जन्मल्यापासून ठाऊक आहे."

"आणि त्याचा नंबर ठाऊक आहे तुला."

आर्विडने उगाचच गिअर बदलला. फोन त्याच्याने होणार नव्हता. पण डेल आलाच तर सरळ बारावर येईल, हे तो जाणून होता. तिथे परक्याचा तंबू दिसला तर गाडीसुद्धा न थांबवता घरी परतेल. टोलेफसनांची जातच तशी. म्हणून नऊ नको, सात नको, दुसरी कुठलीच नको.

तीन नंबरवरच्या घडीच्या खुर्चीतल्या माणसाने पहिल्या फेरीला हात केला होता, दुसऱ्या फेरीला नुसतं एक बोट. आता तो उठून रस्त्यातच आला.

"काय पाहुणे, फेरीमागे काही मिळतं का तुम्हाला?"

"जागा बघतोय," आर्विड ओशाळून म्हणाला.

"बघा, बघा. ती निळी गाडीही तेच करतेय. बारापाशी हळू होते, बघते आणि पुढे जाते. धूळ खाऊन पोट भरलं आमचं."

बारावर डोळा असलेला आणखी कुणीतरी होता तर! पुढे रस्त्यावर धूळ अजून तरंगत होती. त्याने पहिल्यांदाच पिकअप जोरात सोडली, ती थेट बारावर आणून थांबवली आणि दार उघडंच टाकून तो टेबलाकडे गेला.

"आर्विड! परक्याच्या भांड्याला हात लावतोयस?" बर्निस मागून ओरडली. "चिठ्ठीचं मी गमतीत म्हटलं होतं रे!"

"पलीकडच्या ओंडक्यावर ठेवतो. खाणार नाहीये मी."

त्याने भांडं उचललं. जड होतं. बुडाशी बोटांना चिकटपट्टी लागली, तशी त्याने ते डोक्याच्या वर धरून खालून पाहिलं. निळ्या शाईत, डावीकडे झुकलेल्या अक्षरात 'टोलेफसन'. चर्चच्या जेवणावळीत भांडी एकमेकांत मिसळतात, म्हणून इथली प्रत्येक बाई बुडाशी नाव डकवते. ते अक्षर मार्लिसचं होतं.

अंत्यविधीच्या दिवशी उरलेलं अन्न याच भांड्यात भरून डेल दाराबाहेर पडला होता, आणि त्याच दारात आर्विड नको ते बोलला होता. पुढे ना भांडं परत आलं, ना डेल.

भांडं जिथून उचललं होतं तिथेच त्याने नीट ठेवलं आणि बाकावर बसला. त्याला लाज वाटत होती, आणि इतका आनंदही कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

बर्निसने नाव वाचलं, मग झाकण काढलं. आत रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, कडेने काळ्याठिक्कर.

"रिकामं नाही हं धाडलं पोरानं," ती म्हणाली. एक तुकडा तोंडात टाकून तिने डोळे पुसले. "करपवलंय मात्र पार. पण ठेवून गेला कुठे हा?"

तळ्याच्या पलीकडे, झाडांमागून, धुळीचा पट्टा सावकाश सरकत होता, त्याच्या पुढे एक निळा ठिपका. आर्विड त्याच्याकडे पाहत राहिला. बर्निसनेही पाहिलं, आणि ती पिकअपकडे धावलीच.

"ऊठ, ऊठ! मागे लागू, गाठू त्याला!"

"नको," आर्विड म्हणाला. "तासभर तेच करतोय. ये, बस इथं. रस्ता एकेरी आहे."