फियाटची डावी बाजू

गुरुनाथराव झोकात गाडीत बसले, दार ओढून घेतलं, दोन्ही हात पुढे केले, आणि हात हवेतच राहिले. समोर स्टिअरिंग नव्हतं.

स्टिअरिंग शेजारी होतं. त्याच्यामागे अहिल्याबाई बसल्या होत्या, पूजेचं लुगडं नीट सावरून.

घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभी असलेली नात मैत्री किंचाळली, "ओ माय गॉड, आजी इज ड्रायव्हिंग!" सून मंजुषा इतकी हसली, की फोनवरच्या व्हिडिओत नुसतं आभाळ आलं.

"बाबा, ही इटलीची आहे," निमिष खिडकीशी वाकून म्हणाला. "ड्रायव्हर डावीकडे बसतो."

"माहीत आहे रे मला!"

माहीत होतंच. पण पायांना कोण सांगणार? नागपूरला त्यांच्याकडे अशीच फियाट होती, अशीच दुधी रंगाची. ते उजवीकडून चढायचे, अहिल्याबाई डावीकडून. ती गाडी विकली. पुढे निमिष टेक्सासला आला, प्लेनो गावात घर केलं, आईवडिलांना घेऊन आला. पण गुरुनाथरावांच्या बोलण्यातून फियाट काही गेली नाही. मुलाच्या नव्या गाडीला ते सोफा म्हणत. "क्लच नाही, गिअर टाकायचा नाही. ही काय चालवायची? हिच्यात बसून टीव्ही बघायचा!" शेवटी निमिषने ओक्लाहोमातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाकडून ही शोधून काढली. काल संध्याकाळी ती ट्रेलरवरून उतरून रस्त्याकडे तोंड करून ड्राइव्हवेवर विसावली. पूजा झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं अहिल्याबाईंनी त्यांच्या हळू आवाजात सांगितलं. त्या हळू आवाजापुढे घरात कुणाचंच चालत नसे. गुरुनाथराव पहाटे उठून लांबूनच तिचे गोल दिवे बघून आले होते. आज पहिली चक्कर आपली, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

"अगं, उठ," ते म्हणाले. "इकडे ये. मी तिकडे येतो."

अहिल्याबाई हलल्या नाहीत. "चाकाखाली लिंबं ठेवलीत. मुहूर्त टळायला आलाय. क्लच कुठला, तेवढं सांगा."

"तू चालवणार?"

"आई, लायसन्स!" निमिष ओरडला.

"गल्लीच्या टोकापर्यंत जाते. आपल्याच दारात कसलं लायसन्स?" आणि मग नवऱ्याकडे न बघता, अगदी हळू, "एकदाच."

गुरुनाथरावांनी रागवायला तोंड उघडलं, आणि त्यांना नागपूर आठवलं. मला शिकवता का, असं हिने विचारलं होतं. मी आहे ना, तू आरामात बस, असं ते म्हणाले होते. गाडी विकायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. आता काय उपयोग, म्हणून ते हसले होते. त्यानंतर तिने विचारलंच नाही. इथे तर देवळात जायचं तरी ती पर्स घेऊन दारापाशी उभी राहायची, कुणाला वेळ होतो याची वाट बघत. आज मात्र तिची बोटं स्टिअरिंगवर घट्ट होती.

पहिली चक्कर हातची जाणार होती. त्यांनी एक सुस्कारा टाकला.

"डावा पाय," ते म्हणाले. "पूर्ण दाब."

गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, दोघांच्या मधे. त्यांचा हात सहज पोचला. "क्लच तुझा, गिअर माझा. हळू सोड... हळू म्हटलं!"

गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. मैत्री टाळ्या वाजवू लागली.

"तुमच्याही हातून बंद पडायची," अहिल्याबाई म्हणाल्या.

"चढावर! चढावर पडायची!"

दुसऱ्या खेपेला लिंबं फचकन फुटली. गाडी ड्राइव्हवेवरून डुलत निघाली.

"उजवीकडे वळतेय. हात दाखवा."

गुरुनाथरावांनी मुकाट्याने खिडकीतून हात बाहेर काढला. नागपूरला डावीकडे वळताना हे काम अहिल्याबाईंचं असे. तेव्हा जरा उशीर झाला की ते केवढे खेकसत! आता हात बाहेर धरल्यावर वारा बोटांतून वाहू लागला, आणि त्यांना वाटलं, अरेच्चा, या बाजूला मजा होती की.

"सेकंड!" अहिल्याबाईंनी फर्मावलं.

"टाकला!"

निमिष गाडीबरोबर पळत होता, "आई, ब्रेक मधला! मधला!" करत. समोरचा गोरा शेजारी गवत कापायचं यंत्र बंद करून बघत राहिला. त्याने टोपी हलवली. अहिल्याबाईंनी मान अशी तुकवली, जणू रोज याच वेळी त्या इथून जातात. गल्लीच्या टोकाच्या गोलात गाडी वळली आणि तशीच परत निघाली. गुरुनाथराव मोठ्याने हसत होते. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरापाशी ब्रेक करकचून लागला. एक चाक हिरवळीवर चढलं. इंजिनाने शेवटची उचकी दिली.

मंजुषाने धावत येऊन दार उघडलं. "काय हो आई! सवयीने चुकून डावीकडे बसलात, आणि चक्क चालवून आलात!"

"चुकली म्हणून काय झालं?" गुरुनाथराव उदारपणे म्हणाले. "मीसुद्धा चुकलोच की."

"मी कुठे चुकले?" अहिल्याबाई हळूच म्हणाल्या. "सकाळी स्टिअरिंगला हळदकुंकू मीच तर लावलं."