काकडीची चव

कुरखेड्याजवळच्या बियाणे-फार्मवर ज्योत्स्ना काकडीचं नवं संकरित वाण तयार करत होती. मायबाप म्हणून निवडलेला वेल कडू निघाला, तर पुढचं सगळं बियाणं वाया जाणार होतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या तापात तिची चवच गेली होती, आणि नोकरीच्या भीतीने तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणून काकडी कापली की ती एक फोड स्वतः खायची, दुसरी कामावरच्या सुकरीबाईंना द्यायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

"गोड हाय, मॅडम," सुकरीबाई म्हणायच्या. मग ज्योत्स्ना त्या वेलाला लाल फीत बांधायची.

बाराव्या वेलालाही फीत बांधायची वेळ आली, तेव्हा मात्र तिचा हात थांबला. बाराच्या बारा वेल गोड कसे असतील?

"बाई, मले चव कळतच नाई," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली. तुमचं तोंड पाहून मी फिती बांधून राह्यली."

सुकरीबाई उठून वाफ्यात गेल्या आणि सात वेलांच्या फिती सोडून घेऊन आल्या.

"हे सात कडू हायेत."

"मंग गोड काऊन म्हणत होत्या, बाई?"

"तुमी मजेत खाऊन राह्यल्या होत्या ना, मॅडम. मले वाटलं, माह्यीच जीभ बिघडली."