बर्चच्या वाटेवरची बाई

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी कुमुदच्या नवऱ्याभोवती कोंडाळं केलं होतं. तरुणपणी मॉस्कोत चित्रकला शिकून आलेला जयवंत दरवर्षी तिथलीच पानगळ रंगवायचा. बर्चची पिवळीधमक झाडं, ओली वाट आणि वाटेवर काळ्या कोटातली एक बाई. कुमुदने घरी ही चित्रं एकेकटी पाहिली होती. आज ती पहिल्यांदाच वर्षांच्या क्रमाने एका रांगेत लागली होती.

"फार उदास वाटतं," पहिल्या चित्रासमोर एक पाहुणी म्हणाली. "ती कायमची निघून चाललीय ना?"

"निरोपाचंच चित्र आहे," जयवंत म्हणाला. कुमुदलाही त्याने लग्नानंतर हेच सांगितलं होतं आणि तिने ते मानलं होतं.

कुमुद रांगेने बघत पुढे गेली. पहिल्या चित्रात ती बाई दूरच्या वळणावर, मुंगीएवढी होती. मग पुलावर. मग तळ्याच्या अलीकडे. यंदाच्या चित्रात तिच्या कोटाची बटणंही दिसत होती, आणि नजर थेट समोर होती.

"ही जात नाहीये," कुमुद सगळ्यांदेखत म्हणाली. "येतेय."

जयवंतचा चेहरा उतरला. "तुला चित्रातलं काय कळतं? घरी जा."

"घरीच चाललेय, सामान भरायला. ती दाराशी पोचेल तेव्हा मी मधे नको."

जयवंतने हसून पाहुण्यांकडे पाहिलं. दुसरं कुणीच हसलं नाही. सगळे त्या बाईकडे बघत होते.