उभी-आडवी नांगरट

टास्मानियातल्या आमच्या वृद्धांच्या वसाहतीत क्रेग नावाचा नवा मॅनेजर आला आणि आल्या आल्या त्यानं फतवा काढला: घरामागे फक्त हिरवळ, बाकी काही नाही. डल्सीच्या मागल्या दारी हातभर वाफ्यात पेपरमिंट होता. आम्हा शेजारणींचा दुपारचा चहा त्याच्याच पानांचा.

"शुक्रवारपर्यंत उपटून टाका, डल्सी."

"माझे गुडघे वाकत नाहीत. तुझ्या डोळ्यात सलतोय ना, मग तूच काढ."

शनिवारी तो तावातावानं नांगरणीचं यंत्र घेऊन आला. मला वाटलं, डल्सी आता वाफ्यात आडवी पडणार. ती खुर्ची टाकून बसली आणि उलट त्यालाच हुकूम सोडू लागली. "असं वरवर काय करतोस? खोल घाल. उभं झालं, आता आडवं. माती पार कुंपणापर्यंत पसरव!" त्यानं घाम गाळत सगळं केलं, वर हिरवळीचं बी टाकलं. डल्सीनं त्याला चहासुद्धा पाजला. मला तर तिचा रागच आला.

सप्टेंबरात, आमच्याकडचा वसंत लागला तसा क्रेग धावत आला. दारापासून कुंपणापर्यंत पेपरमिंट नुसता घमघमत होता.

"कुणी लावलं हे सगळं?"

"तूच की, बाळा. मुळाचा बोटभर तुकडा मातीत पडला तरी त्याला पुरतो. गुडघे धड असते, तर मीच केलं असतं दहा वर्षांपूर्वी." डल्सीनं कपात दोन पानं चुरडली. "जा, आण तुझं यंत्र. कुंपणापलीकडची जागा अजून राहिलीय."