नुंझियाकाकू गाव सोडतात

महापौर कापुओत्झो यांनी ओर्नेलाच्या अहवालातली ‘खालची वस्ती ताबडतोब हलवावी’ ही ओळ खोडली आणि तिथे ‘परिस्थितीवर लक्ष आहे’ असं लिहिलं. लिहिताना त्यांचा दुसरा हात बदामाच्या बिस्किटांच्या बशीत होता.

ओर्नेला ज्वालामुखीची शास्त्रज्ञ. खाडीकाठचं तिचं गाव ज्या विवरावर वसलं होतं, तिथली जमीन फुगत चालली होती. बंदराचा तळ इतका वर आला होता की नावा चिखलात आडव्या पडल्या होत्या. घसा कोरडा होईपर्यंत तिने हे सांगितलं होतं.

“डॉक्टर, जमिनीचं तुम्ही बघा, माणसांचं मी बघतो,” महापौर म्हणाले. “ईस्टरला हॉटेलं भरलीत. आणि बाहेर एक शब्द जरी बोललात, तर घबराट पसरवल्याचा गुन्हा होतो. ठाऊक आहे ना?”

मिशीला लागलेली साखर त्यांनी जिभेने टिपली. ओर्नेलाला शिसारी आली. शेजारी बसलेले दोन्ही सहकारी शास्त्रज्ञ खाली मान घालून कॉफी ढवळत होते, त्यांची तर जास्तच.

“मग उद्या मी माझ्या आईला इथून घेऊन जाते,” ती म्हणाली.

महापौरांनी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. मग हसले. “न्या की. आईला न्यायला कोण अडवतंय? माझा नमस्कार सांगा त्यांना.”

मूर्ख माणूस, ओर्नेलाच्या मनात आलं. गावाचा अहवालांवर कधीच भरवसा नव्हता, तो होता तिच्या आईवर. नुंझियाकाकू गच्चीत कपडे वाळत घालताना दिसल्या की बायका निश्चिंत व्हायच्या. लेक एवढी शास्त्रज्ञ, धोका असता तर आईला इथे ठेवली असती का? या खुळेपणाचा ओर्नेलाला एरवी संताप यायचा. आता तोच कामाला येणार होता. तोंड उघडायची बंदी होती, बॅगा उचलायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारची प्रार्थना सुटायच्या वेळी, तिने गाडी मुद्दाम चौकात उभी केली. दोन मोठ्या बॅगा सगळ्यांदेखत ओढत आणल्या. मागून आई आली, ठेवणीतला काळा कोट घालून.

बेकरीवाला साबातिनो टोपी काढून दारात उभा राहिला. शेजारच्या तितीनाने आईला मिठी मारली, डोळे पुसले, संत चिरोचं चित्र तिच्या हातात कोंबलं आणि कोंबडीच्या सूपची बरणी दिली. पोचल्यावर कळव, म्हणाली. ओर्नेलाला कोणी काहीच विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव रस्त्याला लागेल, आणि महापौर बसतील बिस्किटं चघळत. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, “आई, फार घाबरले का गं लोक?”

“घाबरतील कशाला?” आईने मांडीवरची बरणी सावरली. “काल महापौरांचा फोन आला होता. किती अदबीने बोलले बिचारे. म्हणाले, तुम्हाला जाताना बघून लोक पळत सुटले, तर पोरीवर खटला होईल. मी काय एवढी खुळी आहे? सकाळीच घरोघर जाऊन सांगून आले, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून. आणि हेही सांगितलं, जमिनीचं म्हणाल, तर काही होत नाही, ओर्नेलाने मला शपथेवर सांगितलंय.”